शिवणाचा माळा : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी लिहिलं होतं, की मी शिवण शिकले ते इचलकरंजीच्या गावभागातल्या एका कापडदुकानाच्या माळ्यावर. त्यावर बरीच पत्रं आली. सगळ्यांना उत्तरं द्यायला जागा पुरणार नाही, म्हणून सहा निवडलीत. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण त्यातला प्रश्न निम्म्या पत्रांत कुठल्या ना कुठल्या रूपात आहे.

प्रश्न : ताई, माझं वय ४६. मुलगा नोकरीनिमित्त पुण्यात, मुलगी कॉलेजला. दुपार मोकळी असते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी जुनं कापडदुकान आहे. तिथल्या मालकीणबाई दोन ते चार शिवण शिकवतात. पण पहिले पंधरा दिवस मशीनला हात लावू देत नाहीत, नुसत्या कापडाच्या घड्या घालायला लावतात. मुलगा म्हणतो, "आई, तुला फुकट राबवून घेतील. मोबाईलवर बघून शिक." आणि या वयात हात वळेल का, ही धास्ती वेगळीच. काय करू?
— एक वाचक, मिरज

उत्तर : जा. उद्याच जा.

तुमच्या मुलाची शंका अगदीच खोटी नाही, तिच्याकडे येतेच. आधी घड्यांचं सांगते, कारण मीही घड्याच घातल्यात.

१९८६ सालचा जून. दहावी झाली होती आणि पुढं शिकवायची घरची ऐपत नव्हती. वडील मागावर रात्रपाळी करायचे, आई मागाला लागणाऱ्या सुताच्या कांड्या भरायची. गाव तर कापडाचंच. विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली इथं पहिला यंत्रमाग आणला. माझ्या लहानपणी गल्लीत झोप लागायची ती मागांच्या खडखडाटात, आणि वीज जाऊन माग थांबले की जाग यायची. एवढं असून मला कापड कळत नव्हतं. आई सुताला बोट लावून ते बारीक की जाड सांगायची. मला सगळं पांढरं सारखंच दिसायचं.

मला शिकवलं ते मावशींनी, म्हणजे त्या दुकानमालकांच्या आईंनी. माळ्यावर जायला लाकडी शिडी, वर तीन पायमशिनी आणि कापायला जमिनीवर अंथरलेली सतरंजी. मी पहिल्या दिवशी थेट मशीनपाशी जाऊन बसले. त्यांनी मला उठवून खाली आणलं आणि म्हणाल्या, "पोरी, हात कापडावर ठेव. मशीन कुठं पळून जात न्हाई." मग महिनाभर तागे उलगडायचे आणि गुंडाळायचे. आठ दिवसांनी त्या माझ्या डोळ्यांवर पदर धरून हाताखाली कापड सरकवायला लागल्या. हे काय? पॉपलीन. हे? केंब्रिक. हे? रुबिया. मलमल लगेच कळायची. पॉपलीन आणि केंब्रिक वेगळं सांगायला मला तीन आठवडे लागले.

टेरिकॉट, म्हणजे सूत आणि टेरिलीनचं मिश्र कापड आलं, की देवाजवळच्या दिव्याकडे न्यायच्या. कापडाच्या कडेचा एक धागा ओढून ज्योतीला लावायचा. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही कागदाचा, आणि राख बोटात विरून जाते. टेरिलीनचा धागा वितळतो आणि टोकाला कडक मणी उरतो. रेशमाला केस जळल्याचा वास येतो. मिश्र कापडात दोन्ही गोष्टी होतात, राखही पडते आणि बारीक खडाही लागतो. ताई, हे मोबाईलवर दिसेल, पण वास येणार नाही.

मग फाडणं. गिऱ्हाईक दोन मीटर मागतं, तेव्हा जुना दुकानदार पॉपलीन कातरीनं कापत नाही. कडेला एक खाच देतो आणि दोन्ही हातांनी टर्रकन फाडतो. मला वाटायचं, घाईत फाडतात. मावशींनी दाखवलं, की कातर वाकडी जाते, फाटलेली कड मात्र आडव्या धाग्याबरोबर सरळच जाते. ती कड काठाशी काटकोनात बसली नाही, तर कापड तिरकं ओढलं गेलंय असं समजायचं. तशा कापडाचा परकर पहिल्या धुण्यानंतर एका बाजूला फिरतो. बायका मग शिवणारणीला दोष देतात. दोष कापड पसरण्याचा असतो.

तुम्ही दुकानात गेलात, की एक तुकडा हातात घेऊन तीन दिशांनी ओढून बघा. काठाच्या दिशेनं, म्हणजे उभ्या धाग्यावर, जवळजवळ ताणत नाही. आडवं थोडं देतं. कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरकं ओढलं, की रबरासारखं लांबतं. ते उरेब. गळ्याची पट्टी उरेबच का कापायची, ते या एका ओढण्यात कळतं : गोलाईवर सरळ पट्टी चुण्या धरते, उरेब पट्टी वळते. मी हे नियम म्हणून पाठ केलं असतं, तर विसरले असते. माझ्या बोटांनी ते खेचलंय, म्हणून आजही विसरलेले नाही.

दुकानात उभं राहण्याचा अजून एक फायदा आहे. कापड किती लागतं ते कानावर पडून पडून कळतं. एखादी म्हणते, "चार वर्षांच्या पोरीला परकर-पोलकं." दुकानदार आधी पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारतो : कुठला हवा? छत्तीस इंची पन्ह्याला जेवढं लागतं तेवढं चव्वेचाळीस इंचीला लागत नाही, आणि अठ्ठावन्न इंचीत तर उंचीचा हिशोबच वेगळा होतो. महिनाभरात मी गिऱ्हाइकाला मीटर सांगू लागले आणि मावशी गप्प राहिल्या. गप्प राहणं म्हणजे बरोबर आहे, हे मला ठाऊक झालं होतं.

आता तुमच्या मुलाची शंका. घडी घालताना बाई तुम्हाला काही विचारतात का, एवढंच बघा. हे कापड कुठलं, उलटी बाजू कुठली, काठावर भोकं आहेत का, छपाईचं नक्षीचं तोंड कुठल्या दिशेला आहे, असं विचारत असतील तर ते शिकवणं आहे. पंधरा दिवसांत एकही प्रश्न विचारला नाही आणि झाडू मात्र दोनदा हातात दिला, तर मुलगा बरोबर आहे. फी परत मागा आणि दुसरं दुकान शोधा. आठवी-दहावी झालेल्या, प्रमाणपत्र हवं असलेल्या मुलींना मी नेहमी आयटीआयचा शिवणकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम सुचवते. पुढं नोकरीला अर्ज करताना तो कागद लागतो. तुम्हाला कागद नको आहे, हाताला काम हवंय. तुम्हाला माळाच बरा.

मोबाईल जरूर वापरा, पण एकदा पाहिलेलं पुन्हा बघायला. तुम्ही शिवलेलं मोबाईल उलटून पाहत नाही. मावशी कुठलाही कपडा हातात घेतला, की आधी उलटा करायच्या. सुलट बाजू शेवटी, तीही बघितली तर. माझं पहिलं झबलं त्यांनी पास केलं होतं, तरी शेजारच्या बाळंतिणीनं दोन दिवसांनी बोलावून बाळाची काख दाखवली. कापडाची कच्ची कड आत घासून लाल वण उठला होता. ती काहीच बोलली नाही, नुसतं दाखवलं. मी झबलं घरी आणलं, सगळं उसवलं आणि दोनदा पलटून शिवण घातली : आधी कापडाच्या उलट्या बाजू एकमेकींना लावून सुलट्या अंगानं बारीक टीप, मग कडा कातरून, पलटून, आतून दुसरी टीप. कच्ची कड त्या दोन टिपांमध्ये बंद होते. क्लासात याला फ्रेंच शिलाई म्हणतात. आजही माझ्याकडे झबलं शिकायला आलेल्या प्रत्येकीला मी ते झबलं आधी स्वतःच्या मानेला आतून घासून बघायला लावते.

आणि झबल्यापासूनच सुरुवात करा. जुन्या धोतराचं किंवा धुऊन मऊ झालेल्या सुती साडीचं. खांद्याची शिवण, बाजूच्या दोन, गळ्याला उरेब पट्टी, बटणाऐवजी बंद. बिघडलं तर नुकसान चिंधीचं. मग टोपडं, मग परकर. त्यात चुण्या सारख्या वाटायला शिकाल. मग फ्रॉक. ब्लाउज शेवटी. ज्या बाई पहिल्याच महिन्यात "कटोरी ब्लाउज शिकवते" म्हणतात, त्यांच्याकडे जाऊ नका.

वयाबद्दल. हाताची चिंता सोडा, डोळे तपासून घ्या. चाळिशीनंतर जवळचं अंधुक होतंच, आणि पुष्कळ बायका सुईत दोरा ओवता येत नाही म्हणून शिवण सोडून देतात. खरं तर त्यांना फक्त चष्मा लागतो. उजव्या हातानं काम करत असाल तर उजेड डावीकडून येईल असं बसा. माझ्याकडे शिकून गेलेल्यांत सगळ्यात सरळ टीप एका ५८ वर्षांच्या बाईंची होती. आयुष्यभर त्यांनी गोधड्या घातल्या होत्या, धावदोरा त्यांच्या हातात होताच. तुमच्याही हातात काहीतरी असेल. भाकरी थापणाऱ्या हाताला दाब कळतो, रांगोळी घालणाऱ्या हाताला रेघ कळते.

प्रश्न : जुनी काळी पायमशीन आजीकडून मिळाली. वरून टीप बरी दिसते, पण खालच्या बाजूला दोऱ्याचा नुसता गुंता होतो. खालच्या दोऱ्याची बॉबिन तीनदा बदलली, तरी तेच. मशीन मोडीत काढावी का?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : मोडीत काढू नका. गुंता खाली दिसतो म्हणून सगळे बॉबिनच्या मागे लागतात. बहुतेक वेळा चूक वरच्या दोऱ्याची असते. तो दोन ताणचकत्यांच्या मध्ये नीट बसलेला नसला, की त्याला ताण राहत नाही आणि तो ढिला होऊन खाली जमा होतो.

असं करा. प्रेसर फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा पाय, वर उचला. तो वर असताना चकत्या सैल होतात आणि दोरा आत जातो. खाली दाबलेला असताना ओवाल तर दोरा वरच राहील. मग वरखाली होणाऱ्या दांडीच्या भोकातून दोरा ओवला आहे ना ते पाहा. घाईत ती दांडी सुटते आणि लगेच गुंता होतो. सुई काढून बघा : एका बाजूला वरपासून खालपर्यंत लांब खाच असते. दोरा ज्या बाजूनं ओवायचा, ती खाच त्या बाजूला यायला हवी. सुईचं टोक नखावरून हलकेच फिरवा. नखाला ओरखडा उठला तर सुई बदला. साध्या सुती कापडाला १४ नंबर, जाडाला १६, मलमलीसारख्या तलमाला ११.

हे सगळं होऊनही गुंता राहिलाच, तर बॉबिन केस तिच्या दोऱ्याला धरून लोंबकळत सोडा. ती जागच्या जागी राहिली पाहिजे आणि हाताला हलका झटका दिला की इंच-दोन इंच खाली उतरली पाहिजे. सुळकन जमिनीवर गेली तर ताण कमी, झटका देऊनही हलली नाही तर जास्त. बाजूचा बारीक स्क्रू थोडाच, पाव फेऱ्याहून कमी, फिरवा. शिवताना पहिले तीन-चार टाके पडेपर्यंत दोन्ही दोऱ्यांची टोकं मागं धरून ठेवा.

आजीची मशीन बरीच वर्षं बंद असेल तर कापड पुढं सरकवणाऱ्या दात्यांखालचा कापूस जुन्या दात घासायच्या ब्रशनं काढा, मशीनचंच तेल प्रत्येक भोकात एकेक थेंब घाला आणि दोरा न ओवता दहा मिनिटं चालवा. खोबरेल घालू नका. थंडीत ते गोठतं आणि चाक जाम होतं. शिवायला घ्यायच्या आधी एका चिंधीवर टीप मारा, तेल उतरलेलं चिंधीवर जाऊ दे.

प्रश्न : मी २३ वर्षांचा मुलगा आहे. मला शिवण शिकायचंय. जवळच्या दुकानात जो क्लास चालतो तिथं सगळ्या बायका. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "तुला कसं घेऊ रे?" घरीही हसतात.
— एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : हसणाऱ्यांना विचारा, गावात लग्नाचे कोट कोण शिवतं. संत नामदेव शिंप्याच्या घरचे. बाजारपेठेत सुईदोरा पिढ्यान् पिढ्या पुरुषांच्या हातात होता. बायका माळ्यावर शिकायला लागल्या ती अलीकडची गोष्ट.

काकूंची अडचण मला समजते. तिथं बायका एकमेकींची मापं घेतात, ब्लाउज घालून बघतात. त्यांना मोकळेपणा हवा, आणि तो त्यांचा हक्क आहे. तेव्हा वेळ वेगळी मागा : क्लास सुटल्यावर एक तास, किंवा सकाळी दुकान उघडायच्या आधी. मी दोन मुलांना असंच शिकवलं. त्यांतला एक आज शाळेचे गणवेश शिवतो. तुम्ही पायजमा, लेंगा, शर्ट यांपासून सुरुवात करा. ब्लाउज शिकायचाच असेल तर मापाच्या ब्लाउजावरून शिका, कुणाच्या अंगाला टेप लावावीच लागत नाही.

काकू नाहीच म्हणाल्या तर एखाद्या टेलरच्या दुकानात काज-बटणाला बसा. जुने कारागीर पोरांना आधी तेच द्यायचे. सहा महिने काजं करणाऱ्याच्या हाताला जो टाका बसतो, तो मशीनवर बसून येत नाही.

प्रश्न : दुकानदार म्हणाला, "कापड आखडत नाही." कुर्ता शिवला, एका धुण्यात दोन इंच वर गेला. दुकानदाराशी भांडू का?
— एक वाचक, नगर

उत्तर : भांडून कुर्ता खाली येणार नाही. सुती कापड विणताना आणि खळ देऊन घड्या घालताना ताणलेलं असतं. पाण्यात पडलं की धागा आपल्या मूळ जागी येतो. म्हणून शिवायच्या आधी अख्खं कापड रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, न पिळता सावलीत वाळत घाला आणि किंचित ओलं असतानाच उभ्या धाग्यावर इस्त्री फिरवा. विकत घेताना मीटरमागं थोडं जास्त घ्या.

अस्तर विसरू नका. वरचं कापड भिजवलं आणि अस्तर कोरंच लावलं, तर पुढं अस्तर आखडतं आणि ब्लाउज सगळीकडून गोळा होतो. गडद लाल, हिरव्या कापडावर आधी ओला पांढरा रुमाल घासा. रुमालावर रंग आला तर ते कापड वेगळं भिजवा आणि त्याला पांढरी पट्टी लावू नका.

प्रश्न : आठ महिने शिकले. आता शेजारणी ब्लाउज आणून देतात. पैसे किती घ्यावेत कळत नाही, आणि कुणाचं कापड बिघडलं तर, या भीतीनं झोप लागत नाही.
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : बिघडेल. मी बिघडवलंय, म्हणून सांगते.

शिकून वर्ष झालं होतं. एका बाईंनी मुलीच्या साखरपुड्याच्या साडीतला ब्लाउजपीस आणला, बाहीला जरीचा काठ. मी बाह्या कापल्या त्या कापड दुमडून नाही, एकेक करून, कारण काठ वाचवायचा होता. बाहीला पुढचा मुंढा, म्हणजे खांद्याशी जोडायची गोलाई, मागच्यापेक्षा जास्त आत खोदलेला असतो. दुसरी बाही कापताना मी कागद पलटायला विसरले. दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या झाल्या. कागद उचलला तेव्हा कळलं. काठ संपला होता.

मी माळ्याच्या कोपऱ्यात बसून रडले. मावशींनी ते तुकडे बघितले आणि म्हणाल्या, "आत्ताच्या आत्ता त्यांच्या घरी जा. शिवून देऊन मग कळू देऊ नगंस." मी गेले, तुकडे पुढं ठेवले. त्या बाई खूप रागावल्या, आणि रागावायला त्यांना कारण होतं. मग आम्ही दोघींनी मिळून मार्ग काढला : चुकीच्या बाहीचा काठ उसवून सुटा केला, दुकानातून त्याच रंगाचं रेशमी कापड आणलं, त्याच्या दोन्ही बाह्या नव्यानं कापल्या आणि काठ खाली जोडला. कापडाचे पैसे मी भरले, शिलाई घेतली नाही. त्यांच्या धाकट्या मुलीच्या लग्नाचे ब्लाउज पुढं माझ्याकडेच आले.

तेव्हापासूनची माझी पद्धत. कागदाच्या प्रत्येक तुकड्यावर "डावी", "उजवी", "पुढं", "मागं" लिहायचं. पुढच्या मुंढ्याला एक खाच, मागच्याला दोन. साडीतलं कापड असेल तर आधी बाह्या मांडायच्या, कारण काठ तिथंच लागतो. मग पाठ आणि पुढचे भाग. सगळे भाग कापडावर एकदम ठेवून, खडूनं आखून, एकदा उठून पाणी पिऊन यायचं. परत आल्यावर बघायचं. मगच कातर. छातीच्या मापाचा चौथा भाग घेतलात, की बाजूला दीड-दोन इंच माया, म्हणजे शिवणीबाहेरचं जादा कापड, सोडाच. बाई पुढच्या वर्षी जाड झाल्या, की तुम्हाला आशीर्वाद देतील. शेजारणी "माया कशाला, कापड वाया जातं" म्हणाल्या तरी ऐकू नका.

गिऱ्हाईक कापड देऊन गेलं, की ते तिच्यासमोर मोजा, डाग-भोक असेल तर तिच्यासमोर दाखवा आणि वहीत लिहा. वहीला एक बारीक चिंधी टाचणीनं लावून ठेवा.

पैशांचं. गावातला दर विचारून घ्या आणि पहिल्या दिवसापासून तोच घ्या, फार तर थोडा कमी. "शेजारचीच आहे, राहू दे" असं एकदा म्हणालात, की पुढं मागता येत नाही. अस्तर, दोरा, हुक यांचे पैसे वेगळे सांगा. माझ्याकडच्या मुली शिलाई सांगतात आणि दोऱ्याची रिळं पदरचीच घालतात. महिनाअखेरीस हिशोब केला की कष्ट तेवढे उरतात.

सरकारच्या पीएम विश्वकर्मा योजनेबद्दलही आणखी दोघींनी विचारलंय. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या या योजनेत अठरा पारंपरिक कामं आहेत, त्यांत शिंपीकाम आहे. प्रशिक्षणाच्या दिवसांत रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत, आणि तारणाशिवाय पहिलं कर्ज १ लाखापर्यंत ५ टक्के व्याजानं, अशी तिची रचना आहे. अट ही, की तुम्ही ते काम स्वतःच्या रोजगारासाठी करत असायला हवं, वय १८ पूर्ण हवं, आणि एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो. अर्जाची सध्याची स्थिती जवळच्या सीएससी केंद्रात, म्हणजे सरकारी कामांचे अर्ज भरून देतात तिथं, विचारा. मधे कुणी पैसे मागितले तर देऊ नका. कर्ज मात्र गिऱ्हाईक जमल्यावरच काढा. तुमची वही महिनाभर भरलेली दिसली, की समजा वेळ आली.

प्रश्न : कातर सारखी बोथट होते. कुठली घ्यावी?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : नवी घेण्याआधी घरात विचारा, ती कातर अजून कशाकशाला वापरली जाते. कागद कापला, दुधाची पिशवी कापली, की धार गेली. कातरी दोन ठेवा, एक कापडाची, एक बाकी सगळ्याची, आणि नमुन्याचा खाकी कागद नेहमी दुसरीनं कापा. कापडाची कातर वजनाला जड, नऊ-दहा इंची घ्या. कापताना खालचं पातं सतरंजीवरून उचलू नका, कापडही हातात धरून उचलू नका. जमिनीवर पसरलेलं कापड जसं आहे तसं ठेवून कातर पुढं सरकवा. धार लावणारा दारावर आला की त्याला चिंधी द्या आणि त्याच्यासमोरच टोकापर्यंत कापून बघा. टोकाला कापड चावलं गेलं तर पुन्हा लावायला सांगा. माझ्या कापडाच्या कातरीच्या मुठीला लाल दोरा गुंडाळलेला आहे. घरातल्या नातवंडांनाही ठाऊक आहे, लाल दोऱ्याची कातर मागायची नाही.